शरणम्माच्या अंगणातला वर्ग

सोलापूर, ता. १४ जून १९३३

ती. मामंजींच्या चरणी पद्मजाचा नमस्कार.

गाडी वेळेवर पोहोचली. गिरणीच्या चाळींना लागूनच बालसंगोपन केंद्र आहे, त्याच्या माडीवर मला एक खोली दिली आहे. खिडकीतून गिरणीचे धुराडे दिसते. सासूबाईंना सांगावे की शेंगांच्या चटणीचा डबा सांडला नाही, आणि भाकरी मी दोन दिवस पुरवून खाल्ली.

काम दोन प्रकारचे आहे. सकाळी चाळीतल्या बाळंतिणींकडे जायचे, आणि दर बुधवारी दुपारी इथल्या जुन्या सुईणींना शिकवायचे. पहिले मला येते. दुसरे येत नाही, हे आज कळले.

आज पहिला वर्ग झाला. मुकादमाने घरोघर निरोप दिल्यामुळे अकराजणी आल्या. काही कानडी, काही तेलंगी, दोघी मराठी. सगळ्यांत वयस्क गुरम्मा. तिच्या हातून चाळीत चारशेच्या वर बाळंतपणे झाली आहेत म्हणतात. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्याला आवाज चिरकला. मग पुण्याच्या प्रशिक्षणातली वही उघडली आणि वाचत सुटले. जंतू, संसर्ग, निर्जंतुक उपकरणे. तासभरात एकदाही मान वर केली नाही. वही मिटली तेव्हा खालच्या नळाचे पाणी ऐकू येत होते.

गुरम्माने विचारले, "बाई, तुमाला लेकरं किती?"

मी "नाहीत" म्हटले.

"न्हाईत की," ती शेजारणीला म्हणाली आणि पदर सावरून उठली. तिच्यामागून सगळ्या उठल्या. कुणी हसले नाही, कुणी टोचूनही बोलले नाही. काम संपले म्हणून उठावे तशा उठल्या.

केंद्राच्या चिटणीसबाईंनी स्पष्ट सांगितले आहे की दिवाळीपर्यंत वर्गाचा उपयोग दिसला नाही तर वर्ग बंद, मग मी नुसती बाळांची वजने करायची. मामंजी, आपण तीस वर्षे शाळा चालवलीत. आपण बोलायला लागलात की रस्त्यावरची माणसे खिडकीशी थांबत. चारचौघांपुढे बोलायचे कसे ते मला शिकवा.

आपली,
पद्मजा

•

मोहोळ, ता. १९ जून १९३३

चि. पद्मजास वेणीमाधवाचे आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवले. भाकरीचे वाचताना त्या उठून आत गेल्या.

पहिल्या दिवशी आवाज चिरकणे याला मी महत्त्व देत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी माढ्याच्या शाळेत उभा राहिलो तेव्हा मला स्वतःचे नावही नीट सांगता आले नव्हते. शेवटच्या रांगेत एक मुलगा झोपला होता. मी ठरवले की बाकीचे जाऊ देत, ह्या एकाला जागे करायचे. त्याच्याकडे बघत बोललो आणि आवाज आपोआप मोठा झाला. तूही तसे कर. मागे बसलेली एकजण निवड आणि तिला सांग. बोलण्याआधी घोटभर पाणी पी. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकव. वाक्य संपले की थांब. थांबायची लाज वाटू देऊ नको. मुद्दा आधी सांग, मग समजावून सांग, मग पुन्हा सांग. आणि वही बंद ठेव.

परंतु नवख्या माणसाला वहीवाचून धीर येत नाही हेही मला कळते. म्हणून सोबत एक भाषण लिहून पाठवत आहे. विषय 'शुचिता आणि सूतिका'. चार दिवस खपून लिहिले आहे. ते पाठ कर आणि मोठ्याने म्हण. जंतूंचा परिच्छेद विशेष साधला आहे असे मला वाटते.

वरती एक ओळ खोडली आहे. ती वाचण्याचा प्रयत्न करू नकोस. तुझ्या पत्रातल्या एका शब्दाबद्दल काही लिहायला गेलो आणि लिहिता आले नाही.

प्रकृतीस जपावे.

वेणीमाधव

•

सोलापूर, ता. १० जुलै १९३३

ती. मामंजींना साष्टांग नमस्कार.

आपले भाषण पाठ करून म्हटले. 'सूक्ष्म जंतूंचा अदृश्य सेनासागर' हा भाग दोनदा म्हटला. पाणी प्यायले, पाय टेकवले, वाक्यानंतर थांबले. आवाज चिरकला नाही. मागे बसलेली शरणम्मा नावाची सुईण निवडून तिच्याकडे बघत बोलले. ती अखेरपर्यंत डोळे मिटून ऐकत होती. आता वर्गाला सातजणी येतात.

इथे पाऊस बेताचा आहे. सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते कळवावे.

पद्मजा

•

मोहोळ, ता. १६ जुलै १९३३

चि. पद्मजास आशीर्वाद.

तुझ्या पत्राने फार आनंद झाला. ते पोस्टमास्तरांना दाखवले आणि भाषणही वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकणारा श्रोता लाभायला भाग्य लागते असे ते म्हणाले. त्याच उत्साहात दुसरे भाषण लिहायला घेतले, ते लांबले म्हणून दोन भागांत पाठवत आहे.

तुझ्या सासूबाईंचा निरोप आहे आणि तो त्यांच्याच शब्दांत लिहावा असा त्यांचा हट्ट आहे: "डोळे मिटले म्हणजे ती बाई झोपली होती. आणि अकराच्या सात झाल्या हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. पोरीला विचारा, ती जेवते का नीट."

मी त्यांना समजावले. तरी तू उत्तर पाठव.

वेणीमाधव

•

सोलापूर, ता. ८ ऑगस्ट १९३३

ती. मामंजींना नमस्कार.

सासूबाईंचे खरे आहे. शरणम्मा झोपली होती. पहाटेपासून एका अडलेल्या बाईपाशी बसून ती तशीच वर्गाला आली होती. मी आपल्याला खोटे लिहिले. चार दिवस खपून लिहिलेत म्हणून खरे लिहवेना.

आता सगळेच लिहिते.

गेल्या महिन्याच्या मध्यावर पूर्व भागातल्या एका तेलंगी विणकराची सून बाळंत झाली. मुलगा. बाळंतपण शरणम्माने केले. सातव्या दिवशी सकाळी मला बोलावणे आले की बाळ दूध ओढत नाही. मी गेले. बाळाचा जबडा मिटलेला होता. अंगाला हात लावला की ते धनुष्यासारखे वाकत होते. मी बेंबी पाहिली. वर शेणाची राख लावलेली होती. नाळ कशाने कापली विचारले, तर विळ्याने. शरणम्मा माझ्या दोन्ही व्याख्यानांना बसली होती, मामंजी. दोन्ही वेळा मी तेच सांगितले होते. संध्याकाळच्या आत बाळ गेले.

मी बाहेर आले. अंगणात शरणम्मा उभी होती आणि आजूबाजूच्या पन्नास बायका. त्या दिवशी मला ना पाण्याचा घोट लागला, ना वही. मी तिला खुनी म्हटले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हते. ती चपला हातात घेऊन गल्लीतून निघून गेली.

पुढच्या बुधवारी वर्गाला कुणीही आले नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. दोन ते चार मी एकटी खोलीत बसून होते.

मला तो जबडा पाहिल्याबरोबर ओळखता आला, कारण मी तो आधी पाहिला होता. पाच वर्षे झाली. ह्या पाच वर्षांत घरात कुणीही त्या सात दिवसांचा विषय काढला नाही. आपणही नाही. गुरम्माने लेकरे किती विचारले तेव्हा मी नाहीत म्हटले, आणि रात्रभर वाटत राहिले की मी त्याला पुन्हा एकदा घालवले. तुम्हा सर्वांना वाटते की काहीतरी माझेच चुकले, मी त्याला नीट पाजले नाही, सांभाळले नाही. आपण चांगले आहात म्हणून बोलत नाही. मला ते ठाऊक आहे.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. आपण परवानगी दिलीत की देईन आणि घरी येईन.

पद्मजा

•

मोहोळ, ता. ११ ऑगस्ट १९३३

चि. पद्मजा,

तुझे काही चुकले नाही. हे वाक्य पाच वर्षांपूर्वी बोलायचे होते.

आता मी जे लिहितो ते तुझ्या सासूबाईंनाही आजवर माहीत नव्हते. आज सकाळी त्यांना सांगितले आणि मग लिहायला बसलो.

त्या वर्षी तुझे दिवस भरत आले होते, तेव्हा सरकारी दवाखान्यातून शाळेत एक छापील पत्रक आले. नवजात बालकांचा धनुर्वात कसा टाळावा. कात्री आणि दोरा उकळून घ्यावा, हात साबणाने धुवावेत, नाळेला राख किंवा शेण लावू नये. शाळेत वाचून दाखवावे अशी सूचना होती. मी पाचवी-सहावीची मुले एकत्र बसवली आणि अर्धा तास बोललो. त्या दिवशी तपासणीला आलेले साहेब दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, मास्तर, असा विषय इतका सोपा करून सांगताना मी कुणाला पाहिले नाही. शेऱ्यांच्या पुस्तकात तसे लिहूनही गेले.

त्यानंतर अकराव्या दिवशी तुला कळा लागल्या. तू आतल्या खोलीत होतीस. मी ओसरीवर होतो. सोनाबाई सुईणीने तुझ्या सासूबाईंकडे विळा मागितला, तो मला ऐकू आला. पत्रक माझ्या कोटाच्या खिशात होते. चार पावले चालून दाराशी जायचे आणि एक वाक्य बोलायचे. मी उठलो नाही. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुषाने जायचे नसते, आणि सुईणीला विळ्यावरून शिकवायला हेडमास्तर गेला तर उद्या गाव हसेल, असे मनात आले. पोरांपुढे अर्धा तास बोलून आलेला माणूस घरात एक वाक्य बोलू शकला नाही.

मग सातवा दिवस आला. मी सोनाबाईला आमच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितले. त्या दिवसापासून ती आमच्या गल्लीतून जात नाही, लांबून फिरून जाते. मी तिच्यावर रागावलो, म्हणजे मला दुसऱ्या कुणावर रागवावे लागू नये. वर्षाने यज्ञेश्वर गेला आणि तू विधवा झालीस. तुला पुण्याला शिकायला पाठवले तेव्हा वेणीमाधवपंतांचे मन केवढे मोठे असे सगळे म्हणाले. मी ते ऐकून घेतले.

राजीनामा द्यायचा की नाही ते तू ठरव, मला परवानगीचा अधिकार उरलेला नाही. पण ठरवण्याआधी एक कर. शरणम्माच्या घरी जा. माझी भाषणे नेऊ नकोस. सासूबाई म्हणतात, "आधी बस म्हणावं, आणि तिला बोलू दे."

वेणीमाधव

•

सोलापूर, ता. ३ सप्टेंबर १९३३

ती. मामंजी आणि सासूबाई यांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावले होते. आपल्याला खरेच लिहायचे ठरवले आहे म्हणून हेही लिहिते. दोन आठवडे मला आपले अक्षरही बघवेना. तिसऱ्या आठवड्यात पत्र पुन्हा वाचले. ओसरीवर कोट घालून बसलेले आपण मला दिसलात. कळा येत असताना विळा मीही पाहिला होता, मामंजी. मला तेव्हा त्यातले काहीच कळत नव्हते. आपल्याला कळत होते, आणि ते घेऊन आपण पाच वर्षे एकटे बसलात. राग पूर्ण गेला असे म्हणणार नाही. पण माझ्यावर कुणी दोष ठेवत नव्हते हे कळल्यावर मी किती वेळ रडले ते सांगता येणार नाही, आणि ते रडणे चांगले होते.

मग मी शरणम्माच्या घरी गेले.

ती अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. मला पाहून उठली नाही. मी उंबऱ्याशी बसले. सासूबाईंचे शब्द आठवून काही बोलले नाही. बराच वेळ ती खडे काढत राहिली. शेवटी मीच म्हटले, "शरणम्मा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते वाईट बोलले."

"बोल्लात तर बोल्लात."

"मला लेकरू नाही म्हटलं ना, ते खोटं होतं. मला मुलगा झाला होता. तोही सातव्या दिवशी गेला. असाच."

तिने सूप खाली ठेवले.

"त्याची नाळ कशानं कापली?" तिने विचारले.

"विळ्यानं."

"राख?"

"लावली होती."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या हातची नऊ गेली, बाई. ह्यो धरून नऊ. सटवाईनं कपाळावर लिवलं आसंल म्हनत्यात. मी बी तसंच म्हनते लोकांला. पन घरी आलं की वाटतंय, सटवाई माझ्याच हातची का नेती?" तिने दोन्ही तळवे पुढे करून पाहिले. "कुनाला इचारू? इचारलं तर कोन बोलावंल मला?"

आजवर मी ह्या बायकांना अडाणी समजत होते. ही बाई वर्षानुवर्षे मोजत बसली होती. तिला कारण हवे होते आणि मी तिला सेनासागर ऐकवत होते.

मी म्हटले, "तुमचे हात वाईट नाहीत. विळ्याला आणि राखेला जे लागलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही. ते बाळाच्या अंगात शिरतं. उकळलं की मरतं."

"एवडंच?"

"एवढंच."

"मंग हे त्या दिवशी का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. मी सांगितले होते, दोनदा सांगितले होते. पण तिला तसे म्हटले नाही.

बुधवारी ती स्वतः चौघींना घेऊन आली, पण केंद्रात नाही. "ती माडीवरची खोली नगं, तितं आमी पाव्हन्यावानी बसतो," म्हणाली. म्हणून वर्ग तिच्याच अंगणात घेतला. मी उभी राहिले नाही. सगळ्यांबरोबर पोत्यावर बसले आणि विचारले, "बाई अडली तर तुम्ही आधी काय करता?" एक सांगू लागली, दुसरीने तिला अडवले, तिसरी म्हणाली तसे नव्हे. अर्धा तास त्याच बोलत होत्या. पायाळू मूल कसे सोडवतात ते गुरम्माने चिंध्यांच्या बाहुलीवर दाखवले. मामंजी, पुण्याच्या डॉक्टरांनी ते दाखवले होते, पण इतक्या हलक्या हाताने नाही. मी तिला ते पुन्हा दाखवायला लावले आणि माझ्या हाताने करून पाहिले. ती म्हणाली, "आता बरोबर." त्यानंतर ती माझ्याजवळ सरकून बसली.

मग मी चुलीवर पातेले ठेवले आणि कात्री नि दोरा त्यात टाकला. किती वेळ उकळायचे हे मिनिटांत सांगणार होते, पण कुणाच्याच घरी घड्याळ नाही. गुरम्मानेच विचारले, "भात शिजतोय तेवडा येळ बास का?" मी म्हटले बास. तिने ते कानडीत सांगितले, तेलंगी सुईणींपैकी एकीने तेलंगीत. नंतर एकेकीने उठून बाहुलीची दोऱ्याची नाळ बांधली आणि कापली. ज्या चुकल्या त्यांना दुसऱ्यांनीच सांगितले. त्या दुपारी मी एकूण पाव तासही बोलले नसेन.

राजीनामा फाडला. सासूबाई, मी जेवते.

पद्मजा

•

मोहोळ, ता. २२ ऑक्टोबर १९३३

चि. पद्मजास आशीर्वाद.

तुझी मागची तिन्ही पत्रे मिळाली. शेवटच्या दोन महिन्यांत तुझ्या सुईणींच्या हातचे एकही मूल गेले नाही हे वाक्य तुझ्या सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. चिटणीसबाई अंगणात येऊन बसल्या आणि वर्ग चालू ठेवा म्हणाल्या, ते योग्यच झाले.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी सोनाबाईच्या घरी गेलो. घर गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला आहे. वाटेत मी वाक्ये जुळवत होतो. ती दारात शेणसडा घालत होती. मला पाहून हातातले तसेच ठेवून आत जाऊ लागली.

मी म्हटले, "सोनाबाई, थांब." पुढचे एकही वाक्य आठवेना. तसाच उभा राहिलो. तिला वाटले कुणी आजारी आहे. "काय झालं, गुर्जी? बाईसाब बऱ्या हाईत न्हवं?"

मी तिच्या ओट्यावर बसलो. मग पत्रकाचे सांगितले. कसे सांगितले ते आता आठवत नाही. जुळवलेले काहीच कामाला आले नाही. ती उभ्यानेच ऐकत होती.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?" तिने विचारले.

"होय."

"आनि मला सांगितलं न्हाय."

"नाही सांगितलं."

ती खाली बसली. म्हणाली, "गुर्जी, तुमी सांगितलं आसतं तर मी आइकलं आसतं की. तुमचं कोन आइकत न्हवतं?" पुढे म्हणाली, "पाच वरसं मी तुमची गल्ली चुकवून जातीया. मला वाटायचं, मास्तर शिकल्याला मानूस, त्येला माझं पाप दिसलं आसंल."

तिने मला रागाने घालवून दिले असते तर सोपे गेले असते. तिने आतून पाण्याचा तांब्या आणला.

मी तिला तुझ्या वर्गाला जा म्हटले. तिने मान हलवली. "त्या पोरीम्होरं कसं बसू मी?" तीनदा विचारले, तीनदा तेच उत्तर. आज दुपारी तुझ्या सासूबाई स्वतः तिच्याकडे जाऊन आल्या. काय बोलणे झाले ते मला सांगत नाहीत. एवढेच म्हणतात की पुढच्या मंगळवारच्या गाडीने दोघी सोलापूरला येणार. पोरीची हरकत असेल तर लगेच पत्र टाक म्हणावे.

पद्मजा, तुझी हरकत असेल तर खरेच लगेच लिही. कुणी काही म्हणणार नाही.

वेणीमाधव

•

सोलापूर, ता. ४ नोव्हेंबर १९३३

ती. मामंजींना नमस्कार.

सासूबाई आणि सोनाबाई सुखरूप पोहोचल्या. हरकतीचे पत्र मी लिहायला घेतले होते. दोन ओळी लिहिल्या आणि मंगळवार आला.

स्टेशनवर सोनाबाई सासूबाईंच्या मागे उभी होती. वाळली आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, मी हितंच बसून ऱ्हाते. तुमी म्हनला तर परतीच्या गाडीनं जाते." तिचे गाठोडे मी हातात घेतले आणि चालू लागले. ती मागून आली.

बुधवारी शरणम्माच्या अंगणात सोळाजणी होत्या. सोनाबाई सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून. ती कोण हे मी कुणाला सांगितले नव्हते, पण सासूबाईंनी शरणम्माला सांगितले असावे, कारण शरणम्मा उठून तिच्याशेजारी जाऊन बसली.

त्या दिवशी हात धुण्याचा पाठ होता. नेहमी मी एकीला पुढे बोलावते, तिचे हात मी धुते, मग ती दुसरीचे धुते, असे फिरत जाते. सांगून हे नीट होत नाही. नखांच्या खालचे कसे काढायचे ते दुसऱ्याच्या हातावरच कळते. मी नाव घेतले, "सोनाबाई." ती उठली नाही. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा आली.

मी घमेल्यात कोमट पाणी घेतले आणि तिचे हात माझ्या हातात घेतले. मामंजी, मला भीती वाटत होती. ह्याच हातांनी त्याला माझ्यापाशी आणून दिले होते. अजून काय काय आठवेल असे वाटले. प्रत्यक्षात आठवले ते एवढेच की कळा सोसवेनात तेव्हा रात्रभर ह्याच हातांनी माझी कंबर चोळली होती आणि मला एक क्षण एकटे सोडले नव्हते. हे मी विसरूनच गेले होते. मी एकेक बोट साबणाने घासले, नखे कापली, मनगटापासून कोपरापर्यंत धुतले.

तिने विचारले, "त्यो कुनावानी दिसायचा, बाई? मी नीट बगितलंच न्हाय. घाईत हुते."

मी म्हटले, "नाक मामंजींचं होतं. केस खूप होते."

"व्हय, केस लई हुते," ती म्हणाली. "तेवडं याद हाय मला."

सासूबाई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. मग मी सोनाबाईला म्हटले, "आता माझे धुवा." तिने धुतले. माझ्यापेक्षा नीट धुतले.

ती आणखी दोन बुधवार राहणार आहे. तिने स्वतःच विचारले. सासूबाई मात्र रविवारी निघतील. आपण एकटे आहात म्हणून त्यांना चैन नाही, पण तसे त्या कबूल करणार नाहीत.

पद्मजा

•

मोहोळ, ता. १९ जानेवारी १९३४

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

कुंडलिक कुंभाराची मुलगी या महिन्याच्या आठ तारखेला दुपारी बाळंत झाली. सोनाबाईने केले. मुलगी आहे. आज अकरा दिवस झाले. बाळ दूध ओढते आहे आणि इतके रडते की चार घरे ऐकतात.

सोनाबाई रोज दोनदा बघून येते आणि जाता-येता आमच्या ओट्याशी थांबून मला सांगून जाते. पहिले सात दिवस ती यायच्या आधी मी काही खाऊ शकत नव्हतो. आठव्या दिवशी सकाळी ती लांबूनच दिसली. मान डोलावली आणि ओट्यावर येऊन बसली. तुझ्या सासूबाईंनी तिला चहा दिला, मलाही दिला. आम्ही तिघेही बराच वेळ तिथे बसलो होतो.

शेजारच्या दोन खेड्यांतल्या सुईणी तिच्याकडे विचारायला येऊ लागल्या आहेत. ती त्यांना आमच्याच ओसरीवर बसवून शिकवते. मी पाणी भरून देतो आणि ऐकतो. फार छान सांगते.

तुझा,
वेणीमाधव